बोलून बरे करण्याची सनद : व्हिएन्ना, मुंबई आणि डोळखांब

१/
वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक लागतो, गाडी चालवणाऱ्याला परवाना लागतो. मग जो माणूस औषध देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही, केवळ समोर बसून ऐकतो, बोलतो आणि त्यातून दुसऱ्याच्या मनावरचा भार हलका करतो, त्याला तसे करण्याचा अधिकार कोणी द्यायचा? हा प्रश्न आजच्या समुपदेशकांच्या पाट्या पाहून सुचलेला वाटेल. पण त्याचा लेखी इतिहास शंभर वर्षांचा आहे आणि त्यात मुंबई-ठाण्याचाही ठळक वाटा आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
या इतिहासाकडे आपण ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडून पाहू. शहापूर तालुक्यातील डोळखांब गिर्यारोहकांना आजोबागडाच्या वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक आहे. आसपासच्या पाड्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना ते बाजाराचे आणि दवाखान्याचे गाव म्हणून. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, बाळंतपण, सर्पदंश यांसाठी कोठे जायचे हे येथे सर्वांना माहीत असते. पण ज्याची झोप उडाली आहे, ज्याला जीव नकोसा झाला आहे, त्याने कोणाशी बोलायचे? आणि त्याच्याशी बोलणारा माणूस लायक आहे, हे कोणी ठरवायचे?

३/
या भागातील सर्वांत जुने उत्तर म्हणजे भगत. त्याच्याकडे कागद नव्हता, पण मान्यता होती. जुन्या भगताच्या हाताखाली शिकणे आणि पाड्याने त्याचा शब्द मानणे, हीच त्याची सनद. घरातले भांडण, शेजारचे वैर, अचानक आलेला मृत्यू यांविषयी तो विचारपूस करी, ऐकून घेई, दुःखाला काही तरी नाव देई. मात्र या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. भगताच्या शब्दाने एखादी बाई भुताळी ठरली, तर तिला दाद मागायला जागा नव्हती. पाड्याने दिलेली मान्यता पाड्याबाहेर कोणी तपासत नसे.

४/
सरकार या क्षेत्रात आले ते भिंती बांधून. १९०१ मध्ये ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे मनोरुग्णालय सुरू झाले. आजचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. त्यानंतर १९१२ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. भारतीय वेडेपणा अधिनियमाने, म्हणजे इंडियन ल्यूनसी ॲक्टने, रुग्णाला आत ठेवण्याची पद्धत ठरवली : अर्ज, डॉक्टरांची प्रमाणपत्रे, दंडाधिकाऱ्याचा हुकूम. त्याच वर्षीच्या मुंबई वैद्यक अधिनियमाने मुंबई इलाख्यातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू केली.

५/
दोन्ही कायदे एकत्र वाचले की त्या काळची समजूत स्पष्ट होते. वेड कोणाला लागले हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरचा, आणि डॉक्टर कोण हे सांगण्याचा अधिकार सरकारी नोंदवहीचा. बोलून उपचार करणारा असा काही व्यवसाय असू शकतो, याचा उल्लेख दोहोंतही नाही. त्यात नवल नाही, कारण असा व्यवसाय तेव्हा युरोपातही नुकताच आकार घेत होता.

६/
आता काही काळ व्हिएन्नात. थिओडोर राइक हे फ्रॉइड यांचे शिष्य. त्यांची पदवी तत्त्वज्ञान शाखेतील, वैद्यकाची नव्हे. १९२६ च्या सुमारास त्यांच्या एका माजी रुग्णाने त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप करून न्यायालयाची वाट धरली. ऑस्ट्रियात डॉक्टर नसलेल्याने रुग्णावर उपचार करणे हा गुन्हा होता. खटला पुढे टिकला नाही. परंतु त्या निमित्ताने फ्रॉइड यांनी एक पुस्तिका लिहिली आणि डॉक्टर नसलेल्यांना मनोविश्लेषण करू द्यावे की नाही, हा प्रश्न जाहीर चर्चेत आणला.

७/
स्वतः डॉक्टर असलेल्या फ्रॉइड यांची बाजू अनेकांना अनपेक्षित वाटेल. त्यांच्या मते वैद्यकाची पदवी विश्लेषकाला पुरेशी नव्हती आणि आवश्यकही नव्हती. ज्याने या कामाचे शिक्षण घेतलेले नाही तो खरा भोंदू, मग त्याच्याकडे कोणतीही पदवी असो. हे शिक्षण कसे असावे याचा नमुना १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झाला. त्याचे तीन भाग होते : सिद्धान्ताचा अभ्यास, शिकाऊ विश्लेषकाचे स्वतःचे विश्लेषण, आणि त्याने हाताळलेल्या रुग्णांच्या कामावर अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख. यातला तिसरा भाग लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कथेत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

८/
भारतात ही विद्या प्रथम रुजली ती कोलकात्यात. डॉ. गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली आणि त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. येथे एक गंमत आहे. बोस यांचे विश्लेषण कोणीही केलेले नव्हते; त्यांची आणि फ्रॉइड यांची कधी भेटही झाली नाही. सारा व्यवहार पत्रांतून झाला. नव्या व्यवसायातील पहिल्या माणसाला सनद देणारा कोणीच नसतो. त्याचे काम पाहून ती त्याला मागाहून दिली जाते. मात्र त्याच्यानंतर येणाऱ्यांना तो स्वतः घालून दिलेल्या नियमांतून नेतो.

९/
मुंबईतील घडामोडी थोड्या नंतरच्या, पण दाट. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची ‘टिस’ ती हीच. १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले. तेथे मुलांशी आणि पालकांशी बोलणे हे कामाचे प्रमुख साधन होते आणि ते काम समाजकार्याचे विद्यार्थीही शिकत होते. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला. वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता मनाचे दुखणे सांगण्याची सोय अशा रीतीने सामान्य रुग्णालयात झाली.

१०/
१९३८ मध्येच इमिलिओ सर्वादिओ हे ज्यू वंशाचे इटालियन मनोविश्लेषक फॅसिस्ट राजवटीच्या वंशभेदी धोरणामुळे देश सोडून भारतात आले. १९४० च्या दशकात मुंबईत मनोविश्लेषणाचा गट उभा राहिला, त्यात त्यांचा मोठा हात होता. त्याच १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक अधिनियमाने वैद्य-हकिमांसाठीही नोंदवही उघडली. आता डॉक्टर नोंदले गेले, वैद्य नोंदले गेले, हकीमही नोंदले गेले. बोलून उपचार करणारे मात्र कोणत्याच वहीत बसत नव्हते. डॉक्टर असतील तर डॉक्टर म्हणून त्यांचे नाव लागे, नसतील तर लागत नसे.

११/
स्वातंत्र्यानंतर वाट थोडी रुंदावली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाची निकड मांडली होती. १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. आजची ‘निमहान्स’ तिचाच विस्तार. पाठोपाठ तेथे डॉक्टरांसाठी एक आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी एक, असे दोन स्वतंत्र पदविका-अभ्यासक्रम सुरू झाले. दुसऱ्यातूनच पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीतील एम.फिल. आकाराला आली. डॉक्टर नसलेल्या उपचारकासाठी देखरेखीसह शिक्षणाची एक सरकारी वाट तयार झाली. पण तिथल्या जागा मोजक्या होत्या, आणि देश मोठा होता.

१२/
दरम्यान, अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. तेथील मनोविश्लेषण संघटनेने फ्रॉइड यांचे म्हणणे मानले नाही. प्रशिक्षणाची दारे तिने मुख्यतः डॉक्टरांसाठीच उघडी ठेवली. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस हे मानसशास्त्राचे पीएच.डी., डॉक्टर नव्हेत. मुख्य प्रवाहातील संस्थांत त्यांना वाव नव्हता. कॅरेन हॉर्नाय यांच्या संस्थेतील एका विश्लेषकाकडे त्यांनी शिक्षण घेतले. पुढे ते मनोविश्लेषणावरच असमाधानी झाले आणि १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पद्धती मांडली. ‘आरईबीटी’ किंवा विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ती आज मराठी वाचकांना परिचित आहे. घटनेपेक्षा घटनेविषयीचे आपले हट्टी, अविवेकी समज आपल्याला अधिक छळतात, हे तिचे सूत्र.

१३/
१९५९ मध्ये एलिस यांनी आपली संस्था काढली आणि पायरीपायरीने प्रमाणपत्रे देण्याची पद्धत बसवली. ज्याला दुसऱ्यांच्या प्रमाणपत्रांनी बाहेर ठेवले होते, त्याने स्वतःची प्रमाणपत्रे सुरू केली. तिथेही कणा तोच होता : शिकणाऱ्याने प्रत्यक्ष समुपदेशन करायचे आणि पर्यवेक्षकाने ते ऐकून चुका दाखवायच्या. अमेरिकी मनोविश्लेषण संघटनेचे दारही फार काळ बंद राहिले नाही. १९८५ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर खटला भरला आणि त्या दशकाच्या अखेरीस झालेल्या तडजोडीने डॉक्टर नसलेल्यांना प्रवेश मिळाला.

१४/
एलिस यांची विद्या महाराष्ट्रात आली ती टपालाने. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तो तीन दशकांहून अधिक काळ चालला. एलिस यांच्या संस्थेने फेलो आणि पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिलेले ते पहिले भारतीय मानसशास्त्रज्ञ. बोस आणि फ्रॉइड यांच्या पत्रांची आठवण येथे व्हावी. त्यांच्याप्रमाणेच येथेही शिक्षण, वाद आणि परीक्षा यांचे मोठे काम पत्रांनी केले. फडके यांच्याकडे शिकलेल्यांनी ही पद्धती पुढे नेली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने ती मराठी मध्यमवर्गाच्या रोजच्या बोलण्यात आणली.

१५/
या कथेला एक कडवट शेपूटही आहे. २००५ मध्ये एलिस यांना त्यांच्याच संस्थेच्या संचालक मंडळातून दूर करण्यात आले. नव्वदी ओलांडलेल्या संस्थापकाला न्यायालयात जावे लागले आणि २००६ च्या आरंभी न्यायाधीशांनी ती कारवाई अयोग्य ठरवली. सनद देणारी संस्था आणि विद्या निर्माण करणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असतात. खासगी संस्थेच्या प्रमाणपत्राची किंमत त्या संस्थेच्या शिस्तीवर आणि सचोटीवर अवलंबून राहते; कायद्याचा आधार त्यामागे नसतो.

१६/
भारतात कायदा आला, पण एका अनपेक्षित दारातून. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम झाला आणि जून १९९३ पासून परिषद काम करू लागली. हा कायदा मुळात दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी. वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशा व्यावसायिकांच्या यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचाही समावेश झाला. नोंदणीविना असे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मनाशी बोलणाऱ्याचे नाव सरकारी वहीत पहिल्यांदा लागले ते पुनर्वसनाच्या रकान्यात.

१७/
या आडवाटेचा परिणाम दूरगामी झाला. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या पदनामाला संरक्षण मिळाले. ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’, ‘काउन्सेलर’ या पाट्या मात्र मोकळ्याच राहिल्या. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती आणि एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली व्यक्ती, दोघांच्या पाटीवर एकच शब्द येऊ शकला. दार ठोठावणाऱ्याला फरक कळण्याचा मार्ग नव्हता. भगताच्या बाबतीत जी उणीव आपण पाहिली, तीच शहरातल्या वातानुकूलित खोलीत दिसू लागली : काही चुकले तर दाद कोठे मागायची?

१८/
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला उपचाराचा हक्क दिला आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या पुन्हा पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशीच बांधली. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मात्र नवे पान उघडले. त्याच्या यादीत इतर मानसशास्त्रज्ञ, मनोविकार-समाजकार्यकर्ते, आरोग्य-समुपदेशक असे अनेक जण आले. पाट्यांमागच्या माणसांची नोंद ठेवण्याची ही पहिली व्यापक चौकट. ती उभी राहत असतानाच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली; क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी तात्पुरती मुदतवाढ द्यावी लागली. सत्तर वर्षांत घडलेली वाट अशी पुन्हा आखावी लागत आहे.

१९/
हे सारे पदव्यांचे झाले. पण पदवीधर पोहोचतच नाहीत तेथे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ संस्थेने या प्रश्नाचा माग काढला. तिने पूर्वी या क्षेत्राचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना निवडून शिकवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ भेटींत ठरलेल्या पद्धतीने बोलायचे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर याची शास्त्रीय चाचणी झाली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले, ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

२०/
या प्रयोगात यशाच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे ती लायकी ठरवण्याची रीत. शिक्षणानंतर सर्वांना आपोआप काम मिळाले नाही. कौशल्य पारखून निवड झाली. भेटींचे ध्वनिमुद्रण होई. समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या फिती ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत, कोठे घाई झाली, कोठे ऐकायचे राहिले हे दाखवत. तज्ज्ञही सोबत असत. बर्लिनमध्ये शंभर वर्षांपूर्वी जी देखरेख काही मोजक्या सुखवस्तू शिष्यांना मिळत होती, ती येथे आरोग्य केंद्राच्या खोलीत आली.

२१/
हे गोव्यापुरते राहिले नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली आणि गरज असेल त्याला पुढच्या पायरीवर, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे, नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. १८ महिन्यांनंतर ते २७.२ टक्के झाले. शेतीच्या संकटाने पोळलेल्या विदर्भात मराठीतून, गावाच्या ओट्यावर हे घडले.

२२/
मग निष्कर्ष काय? कागद निरुपयोगी आहे, असा नव्हे. या शतकभराच्या कथेत टिकलेली प्रत्येक सनद पाहिली, तर तिच्या गाभ्यात एकच गोष्ट सापडते : आपले काम दुसऱ्या जाणत्या माणसाला ऐकू देणे. राइक यांचा बचाव त्यावर उभा होता, एलिस यांची प्रमाणपत्रे त्यावर उभी होती, गोव्याची मोजपट्टी तर केवळ त्यावरच. ज्या प्रमाणपत्रामागे अशी देखरेख नाही ते कितीही सोनेरी चौकटीत लावले तरी पोकळ आहे. आणि अशी देखरेख असेल तर शेजारच्या गावातील बारावी झालेली मुलगीही पुष्कळ काम करू शकते.

२३/
तरीही कायद्याची नोंदवही हवीच, कारण देखरेख ही शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांतील गोष्ट आहे. रुग्णाच्या हाती तक्रारीचा हक्क कायदाच देतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याचे चांगले उदाहरण. श्रद्धेने कोणाशी दोन शब्द बोलायला त्याने बंदी केलेली नाही. पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे त्याने गुन्हा ठरवले. मर्यादा कोठे ओलांडली जाते हे त्याने नेमके सांगितले. बोलून उपचार करणाऱ्यांच्या कायद्यालाही हीच नेमकेपणाची गरज आहे : गुप्तता कोणी मोडली, आवाक्याबाहेरचा रुग्ण पुढे न पाठवता कोणी अडवून ठेवला, याचा जाब विचारणारी जागा.

२४/
आता पुन्हा डोळखांबकडे पाहू. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा विनामूल्य क्रमांक. मोबाईलला रेंज असेल तर पाड्यावरूनही तो लागतो. पण बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्रात समोर बसून, आपल्या बोलीत ऐकणारे माणूस हवे असेल, तर शहरातून एम.फिल. झालेले कोणी येण्याची वाट पाहत बसणे हा एकच पर्याय नाही, हे गोवा आणि अमरावतीने दाखवून दिले आहे. अशा ठिकाणी स्थानिक माणसे निवडणे, त्यांना शिकवणे, त्यांचे काम नियमितपणे ऐकणे आणि त्यांचे नाव सरकारी वहीत लावणे, या चार गोष्टी कराव्या लागतील. पहिल्या तीन कशा करायच्या हे आपल्याला कळले आहे. चौथीसाठीचे पान २०२१ च्या कायद्याने उघडले आहे. त्यावर गावातल्या समुपदेशकाचे नाव लागते की नाही, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल.